डिजिटल दरी आणि गावची शाळा

(मांजरसुंबा परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी योजिलेले भाषण)



बीड तालुक्यातील मांजरसुंबा हे गाव बालाघाटाच्या माथ्यावर वसलेले असून तेथे चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. सोलापूर-धुळे महामार्ग येथून जातो. नेकनूर, केज व अंबाजोगाईकडे आणि पाटोद्याकडे जाणारे रस्ते येथेच फुटतात. ह्या चौफुलीवर दिवसरात्र वाहने धावतात, उपाहारगृहांपुढे प्रवाशांची दाटी असते, आणि जवळजवळ प्रत्येक हातात मोबाईल दिसतो. येथे घटकाभर थांबलेल्या प्रवाशास असे वाटावे की, ज्ञानाची साधने आता खेड्यापाड्यांत पोहोचली आणि शहर व खेडे यांतील अंतर संपले. परंतु हमरस्ता सोडून वाडीवस्तीच्या किंवा तांड्याच्या वाटेस लागावे, तो रेंज जाते, वीज केव्हा येईल याचा नेम राहत नाही, आणि शाळेत आलेले यंत्र पुष्कळदा कपाटात कुलूपबंद असलेले आढळते.

यंत्राच्या साह्याने शिकणारे मूल आणि त्यावाचून मागे राहणारे मूल यांच्यातील अंतरास हल्ली डिजिटल दरी म्हणतात. ही दरी प्रथमदर्शनी वस्तूंच्या अभावाची वाटते. ज्याच्या घरी यंत्र आहे तो दरीच्या अलीकडे, ज्याच्या घरी नाही तो पलीकडे, इतका हा हिशेब सोपा वाटतो. तो तितका सोपा नाही, ही गोष्ट बीड जिल्ह्यातील शिक्षकाइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातील लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ हेच नाव पडले आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी गळीत हंगाम संपेपर्यंत फडावर राहणे भाग असते. अशा घरी एकच चांगला मोबाईल असतो आणि तो मायबापांबरोबर जातो; कारण मुकादमाचा निरोप, टोळीची हालचाल आणि गावाकडची खुशाली त्याच्यावरच समजावयाची असते. मागे राहिलेले मूल आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असते. आजोबांजवळ असलाच तर बटणांचा फोन असतो. धाकटे भावंड मात्र आईबरोबर फडावर गेलेले असते. एकाच घरातील ह्या दोन मुलांपैकी एकाजवळ शाळा आहे, पण यंत्र नाही. दुसऱ्याच्या कोपीत यंत्र आहे, पण शाळा नाही. पाहणी करणारा मात्र ह्या घरापुढे ‘मोबाईल आहे’ अशी खूण करून पुढे जातो.

आकड्यांतही हेच सत्य दडलेले आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ ह्या देशव्यापी पाहणीनुसार, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ग्रामीण घरांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. तीन वर्षांत झालेली ही वाढ लहान नव्हे. परंतु त्याच २०२१ च्या पाहणीत असेही दिसून आले की, ज्या घरांत स्मार्टफोन होता त्या घरांतील २६.१ टक्के मुलांस तो वापरावयास मिळतच नव्हता. पुढे २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षे वयाच्या ८२.२ टक्के मुलामुलींनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. घरात यंत्र असणे, ते मुलाच्या हाती येणे आणि त्यापासून मुलाने काही शिकणे ह्या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी बाजारात विकत मिळते. दुसरी घरच्या समजुतीवर अवलंबून असते. तिसरी पायरी मात्र कोणीतरी जवळ बसून चढवावी लागते.

ही गोष्ट आजच उमगलेली आहे असे नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर तिची परीक्षा फार पूर्वी झालेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने मराठी भाषिक पाच जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा एक प्रयोग केला. प्रत्येक गावी वीसएक माणसांचे मंडळ आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसे. कार्यक्रम संपला म्हणजे मंडळ उठून जात नसे. ऐकलेल्या विषयावर तेथेच चर्चा होई, शंका निघत आणि त्या पुण्याच्या केंद्राकडे कळविल्या जात. असे वीस कार्यक्रम झाले. प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. तिच्यात जी गावे तुलनेसाठी घेतली होती, त्यांतील काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत रेडिओही नव्हता. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत ठळक भर पडल्याचे आढळले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. रेडिओ दोन्हीकडे सारखाच बोलत होता. फरक पडला तो सभोवार बसून बोलणाऱ्या माणसांमुळे.

पुढे रेडिओच्या जागी दूरचित्रवाणी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. शेजारच्या कर्नाटकातील काही जिल्हेही त्यांत होते. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी ग्रामस्थांसाठी कार्यक्रम होत. उपग्रह अमेरिकेचा होता. वर्षाची मुदत संपताच तो परत नेण्यात आला आणि त्यावरून होणारे प्रक्षेपण थांबले. परक्याच्या भरवशावर आणलेले साधन केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून ते असेपर्यंत मुलाच्या मनात जे रुजविता येईल तेवढेच आपले, हा धडा त्या वर्षाने दिला. आजही एखादा दाता शाळेस टॅबलेट देतो, वर्षभरात त्यांतील काहींची बॅटरी उतरते, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच खाती लिहिलेला नसतो. देणगी स्वीकारण्याच्या दिवशीच तिच्या पालनपोषणाचा विचार झाला पाहिजे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, त्या वेळी ह्या दरीची खोली सर्वांनाच दिसली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाईलवरून रोज पाठविली. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. हे प्रयत्न मोलाचे होते. परंतु ज्या घरी मोबाईल नव्हता, किंवा होता पण त्यात रोजचा डाटा भरण्याची ऐपत नव्हती, त्या घरचे मूल ह्या सर्वांच्या बाहेरच राहिले. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा भरले. त्या दीड वर्षात महाराष्ट्रातील कित्येक शिक्षकांनी ओट्यावर, पारावर, झाडाखाली पाचसहा मुले अंतर राखून बसविली आणि शिकविले. काही गावांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले. जेथे यंत्र पोहोचले नाही तेथे शिक्षक पायी पोहोचला. शासनाच्या कोणत्याही अहवालापेक्षा ह्या घटनेची नोंद शिक्षकांनी स्वतःच्या मनाशी अधिक अभिमानाने ठेवावी.

मांजरसुंब्याहून दक्षिणेस गेलेला महामार्ग सोलापूरला पोहोचतो. त्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यांद्वारे कविता, पाठ व प्रश्न मुलांस ऐकविण्या-दाखविण्याची योजना केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये श्री. डिसले यांस जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराच्या रकमेचा अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस देऊ केला. ह्या उदाहरणातील घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे यंत्र पुस्तकाच्या आश्रयास आले आहे. जे पुस्तक प्रत्येक मुलाच्या दप्तरात आधीच आहे, त्याच्या त्याच पानास जोडलेला तोच पाठ उघडतो. शिक्षकाने काय दाखवावे हा शोध त्यामुळे सोपा झाला. मात्र रेंज नसेल तर कोड म्हणजे पानावरची नक्षी. सबब पुढील आठवड्याचा पाठ आधी उतरवून घेण्याची सवय शिक्षकास असली पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ह्या मंचावरील साहित्य असे उतरवून घेऊन इंटरनेटविना दाखविता येते.

भाषेचाही विचार येथे अगत्याने केला पाहिजे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. विद्या उपलब्ध होती, पण तिच्या दारावर मराठी मुलास न येणाऱ्या भाषेचे कुलूप होते. इंटरनेटवरील ज्ञानाचा फार मोठा भाग आज इंग्रजीत आहे. मराठीतील जो आहे तोही बहुधा शहरी वळणाचा. बालाघाटावरील मुलाची बोली निराळी, आणि तांड्यावरच्या मुलाच्या घरी तर गोरमाटी बोलली जाते. पडद्यावरील बाईंचे बोलणे वर्गातील निम्म्या मुलांस अर्धेच कळत असेल, तर पाठ मध्येच थांबवून तो मुलांच्या बोलीत पुन्हा सांगणे हे शिक्षकाचेच काम होय. ते काम कोणतेही यंत्र परभारे करून देणार नाही.

येथवरच्या विवेचनावरून एवढे स्पष्ट व्हावे की, दरी बुजविण्याचे काम यंत्राच्या आगमनाने सुरू होते, पूर्ण होत नाही. एका शाळेच्या आवाक्यात ह्यांतील काय आहे, ते आता क्रमाने पाहणे योग्य होईल.

पहिली गोष्ट नोंदवहीची. गावातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी मोबाईल आहे किंवा नाही एवढेच लिहून भागणार नाही. तो कोणाजवळ असतो, सायंकाळी किती वाजता घरी येतो, मुलीच्या हाती दिला जातो काय, घरात रेंज कोठे मिळते, आणि गळीत हंगामात तो गावात असतो की फडावर, हे रकाने त्या वहीत असावेत. ही नोंद दसऱ्यापूर्वी एकदा आणि माणसे गेल्यावर पुन्हा एकदा करावी. दोन नोंदींतील फरक हाच त्या गावच्या दरीचा खरा नकाशा होय.

दुसरी गोष्ट पाठ आधी उतरवून ठेवण्याची. पुष्कळ शिक्षक बीडहून किंवा मोठ्या गावाहून शाळेत येतात. जेथे रेंज चांगली तेथे आठवड्याचे पाठ उतरवून घ्यावेत व मेमरी कार्डावरून शाळेच्या यंत्रात भरावेत. त्यामुळे घरच्या गरीब पालकास डाटाचा खर्च पडत नाही आणि शाळेतील रेंजवाचून वर्ग अडत नाही.

तिसरी गोष्ट गटाची. पाच मुलांत एक यंत्र असणे ही उणीव मानण्याचे कारण नाही. १९५६ चा प्रयोग हेच सांगतो. पाठ दाखविण्यापूर्वी फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत. दहा मिनिटे पाहणे झाले की यंत्र बंद करावे आणि वीस मिनिटे मुलांनी आपसात बोलावे, पाटीवर किंवा वहीत लिहावे, एकाने दुसऱ्यास समजावून सांगावे. यंत्र हाताळण्याची पाळी ठरलेली असावी आणि तीत मुलींचा वाटा निम्मा असावा. पाळी ठरविली नाही तर धीट मुलाच्या हाती यंत्र राहते आणि मागच्या रांगेतील मुलगी वर्षभर नुसती पाहत राहते. अशाने वर्गातच एक नवी दरी पडते, आणि ती शिक्षकाच्या डोळ्यांदेखत पडते.

चौथी गोष्ट फडावर गेलेल्या मुलाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मूल जाण्यापूर्वी त्याचे शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हाती द्यावे. आईचा, बापाचा व मुकादमाचा मोबाईल क्रमांक नोंदवून ठेवावा. कारखान्याजवळच्या ज्या शाळेत मूल बसू शकेल तिच्या मुख्याध्यापकांशी बोलून घ्यावे. मुलाबरोबर त्याची पुस्तके जातील हे पाहावे. त्यानंतर आठवड्यातून एकदा, माणसे फडावरून परतल्यावर, साधा फोन करावा. त्यास चित्रफीत लागत नाही, डाटा लागत नाही. मुलाने पुस्तकातील एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा, दोन गणिते तोंडी सोडवावीत, आणि गुरुजींनी किंवा बाईंनी शाबासकी द्यावी. पाच मिनिटांच्या ह्या संभाषणाने अभ्यासक्रम पुरा होणार नाही हे उघड आहे. परंतु शाळेने आपले नाव पुसलेले नाही हे त्या मुलास कळते. चैत्र-वैशाखात परत आलेले मूल शाळेच्या दारात बिचकून उभे राहते की सरळ आपल्या जागी येऊन बसते, हे पुष्कळदा एवढ्यावर ठरते. बटणांच्या फोनवरही हे काम होते. म्हणून मागे राहिलेल्या मुलाच्या आजोबांचा फोनही तुच्छ मानू नये. त्याच फोनवरून फडावरील आईने आपल्या मुलाचे वाचन ऐकावे, अशी योजना करता येईल.

पाचवी गोष्ट कपाटाच्या कुलपाची. यंत्र मोडेल व त्याची भरपाई द्यावी लागेल, ह्या भीतीने ते पुष्कळदा बंद राहते. ही भीती निराधार नाही, आणि ती घालविणे एकट्या शिक्षकाच्या हातचे नाही. मुलांच्या नित्य वापरात झिजलेले यंत्र हे निष्काळजीपणाचे लक्षण न मानता उपयोगाचे लक्षण मानले जावे, असे आश्वासन पर्यवेक्षकांनी शाळांस दिले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीने दुरुस्तीसाठी थोडीशी रक्कम वेगळी राखावी, वीजबिलाची तजवीज वेळेवर करावी, आणि वरच्या वर्गातील दोन मुले व दोन मुली यांस यंत्राची निगा राखण्याचे काम सोपवावे. वीज गेली तरी पाठ थांबू नये, यासाठी खडू-फळ्याचा पाठ नेहमी तयार असावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. शाळेतील यंत्राचा व शिक्षकाच्या मोबाईलचा पुष्कळ वेळ निरनिराळी माहिती भरण्यात जातो. माहिती शासनास हवी असते आणि ती दिलीही पाहिजे. परंतु मुलासाठी आलेल्या यंत्राचा पहिला हक्क मुलाचा आहे. एकच माहिती दोनदा मागितली जाऊ नये, आणि शाळेच्या तासांत तातडीचे तक्ते मागविले जाऊ नयेत, एवढी काळजी वरिष्ठांनी घेतली तर शिक्षकाचा पुष्कळ वेळ मुलांकडे परत येईल. त्याचप्रमाणे वाडीवस्तीवर रेंज आणणे, शाळेची वीज अखंड ठेवणे आणि मुळात मायबापांस पोटासाठी गाव सोडावे लागू नये अशी कामे जवळ उपलब्ध करणे, ही शासनाची व समाजाची जबाबदारी आहे. शिक्षकाच्या सद्भावनेने ती जबाबदारी भागेल असे कोणी समजू नये.

मग शिक्षकाने आपल्या यशाचे माप कशाने घ्यावे? किती चित्रफिती पाठविल्या आणि किती पालक गटात सामील आहेत, हे आकडे अहवालास शोभतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. तो हक्क मोबाईल असलेल्या मुलासाठी वेगळा आणि नसलेल्यासाठी वेगळा नाही. म्हणून माप एकच असू शकते. हंगाम संपून कोयते परत आले म्हणजे, ज्या मुलाच्या घरी सर्वांत कमी साधन होते ते मूल आपल्या इयत्तेचे पुस्तक वाचते काय, बेरीज-वजाबाकी करते काय, आणि यंत्रापुढे बसविले असता न भिता एखादा शब्द शोधते काय, हे पाहावे. ते मूल पुढे आलेले असेल तर त्या गावातील दरी तेवढी बुजली असे समजावे.

मांजरसुंब्याच्या चौफुलीवरून दरवर्षी माणसे भरून वाहने जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. येत्या दसऱ्यापूर्वी परिसरातील प्रत्येक शाळेत ती नोंदवही तयार व्हावी, आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे शाळेचा एक ठरलेला वार व एक ठरलेली वेळ असावी. ह्या कामास नवे अनुदान लागत नाही आणि नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.